बारावीतल्या मुलाला अ‍ॅडमिरल व्हायचंय : एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

कराडजवळच्या एका वडिलांनी विचारलं आहे : मुलगा बारावी सायन्सला आहे, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेची तयारी करतोय आणि त्याला नौदलात जाऊन अ‍ॅडमिरल व्हायचंय. घरात आजवर कोणी सैन्यात गेलेलं नाही. किती वर्षं लागतात? एनडीए बरं की जेईईवरून होणारा नौदलातला बी.टेक.चा प्रवेश? वरच्या हुद्द्यांसाठी ओळख लागते का? आणि नाहीच झाला अ‍ॅडमिरल, तर? नववीतल्या धाकट्या मुलीला हा रस्ता मोकळा आहे का, असंही त्यांनी शेवटी विचारलंय.

मी नौदलाच्या एक्झिक्युटिव्ह शाखेतून निवृत्त झालो. जहाजांची कमान सांभाळली, तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं, त्यांचे गोपनीय अहवाल लिहिले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी वर्षांचं. अ‍ॅडमिरल हरिकुमार यांना जानेवारी १९८३ मध्ये कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळालं आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला ते नौदलप्रमुख झाले. म्हणजे जवळजवळ एकोणचाळीस वर्षं. अर्थात आपण बोलताना सगळ्यांनाच अ‍ॅडमिरल म्हणतो. त्यात पायऱ्या तीन : रिअर अ‍ॅडमिरल, मग व्हाइस अ‍ॅडमिरल आणि सर्वांत वर अ‍ॅडमिरल, म्हणजे नौदलप्रमुख. रिअर अ‍ॅडमिरलपर्यंत पोचायलाच साधारण तीस वर्षं किंवा त्याहून जास्त सेवा होते.

पण मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न वर्षांचा नाही. या प्रवासातलं किती मुलाच्या हातात आहे आणि आज, अठराव्या वर्षी, कोणता निर्णय पुढे बदलता येणार नाही, हे तुम्हाला कळायला हवंय.

नौदलातल्या बढत्यांचे दोन भाग पडतात. कमांडरपर्यंतची बढती वेळेवर येते. सब लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाल्यावर दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर आणि तेरा वर्षांनी कमांडर. काम नीट केलं, आवश्यक परीक्षा दिल्या, प्रकृती ठीक राहिली, की इथपर्यंत माणूस पोचतो. कॅप्टनपासून मात्र निवड सुरू होते. कॅप्टन, कमोडोर, रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल या प्रत्येक टप्प्यावर बढतीचं मंडळ बसतं आणि प्रत्येक टप्प्यावर चांगली माणसं मागे राहतात, कारण वर जागाच कमी असतात. निवड झाली नाही तर सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध कॅप्टनचा हुद्दा मिळतो, पण तिथून अ‍ॅडमिरलकडे जाणारा रस्ता नाही.

आता न बदलणारा निर्णय. तो शाखेचा आहे. नौदलात अधिकाऱ्यांच्या मुख्य शाखा चार : एक्झिक्युटिव्ह, इंजिनीअरिंग, इलेक्ट्रिकल आणि एज्युकेशन. युद्धनौकेची कमान फक्त एक्झिक्युटिव्ह शाखेकडे असते आणि नौदलप्रमुखही त्याच शाखेतून येतो. इंजिनीअरिंग किंवा इलेक्ट्रिकलचा अधिकारी व्हाइस अ‍ॅडमिरलपर्यंत जाऊ शकतो. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शिकलेले व्हाइस अ‍ॅडमिरल किरण देशमुख हे इंजिनीअर अधिकारी, ते चीफ ऑफ मटेरिअल झाले. संपूर्ण नौदलाच्या जहाजांची देखभाल आणि तांत्रिक सज्जता ज्या पदाखाली येते, ते हे पद. मुलाला यंत्रांची खरी ओढ असेल तर ती शाखा अजिबात दुय्यम नाही. पण त्याच्या मनात ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवलं जातं तिथे, उभं राहून हुकूम देणं असेल, तर शाखेचा पसंतीक्रम भरताना एक्झिक्युटिव्ह पहिली हवी, हे त्याला आजच माहीत असलेलं बरं. मित्रानं लिहिलं म्हणून आपणही लिहिलं, असं इथे करू नये.

एनडीए की बी.टेक. प्रवेश, यावर घरोघरी फार खल होतो, तेवढा करायची गरज नाही. एनडीएतून गेला तर तीन वर्षं खडकवासला आणि पुढचं एक वर्ष केरळातल्या एळिमलाची नौदल अकादमी. बी.टेक. प्रवेशानं गेला तर चारही वर्षं एळिमला. त्या प्रवेशासाठी जेईई मेनची क्रमवारी बघतात आणि एसएसबीची (सेनादलांच्या निवड मंडळाची) मुलाखत दोन्हीकडे असते. पदवी दोन्हीकडे बी.टेक.चीच. खडकवासल्याचा एक फायदा मात्र मी मोलाचा मानतो : भूदल आणि हवाईदलाचे होणारे अधिकारी तिथे एकाच स्क्वाड्रनमध्ये तुमच्याबरोबर तीन वर्षं राहतात. पंचवीस वर्षांनी संयुक्त मोहिमेची आखणी करताना समोरचा ब्रिगेडियर तुम्हाला नावानं ओळखत असतो. तरीही दोन्ही परीक्षा द्याव्यात आणि जिथे आधी निवड होईल तिथे जावं. कमिशन मिळाल्यावर कोण कुठून आला, हे बढतीच्या मंडळापुढे मोजलं जात नाही.

एक गोष्ट याच आठवड्यात करा. मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या, रंग ओळखण्याच्या चाचणीसकट. एक्झिक्युटिव्ह शाखेत याबाबत कडक नियम आहेत आणि त्यामागे कारण आहे. रात्री समुद्रावर समोरचं जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा. तांबडा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, म्हणजे ते कुठल्या दिशेला चाललंय हे कळतं. त्या दोन रंगांत गल्लत करणाऱ्या माणसाच्या हाती जहाज देता येत नाही. मुलानं दोन वर्षं राबून एसएसबी पार करावी आणि मग वैद्यकीय तपासणीत हे समजावं, असं मी पाहिलंय. घरच्यांना ते फार लागतं. निकष बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीच्या जाहिरातीतलेच वाचा.

कमिशननंतरची पहिली दहा वर्षं मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो आणि त्याबद्दलच बाहेर सगळ्यांत कमी बोललं जातं. तरुण अधिकारी आधी कोचीच्या प्रशिक्षण जहाजांवर समुद्र शिकतो, मग फ्लीटच्या (लढाऊ ताफ्याच्या) जहाजावर येतो आणि त्याचं पहिलं उद्दिष्ट असतं वॉचकीपिंगचं तिकीट. हे तिकीट म्हणजे कॅप्टनच्या (जहाजाच्या प्रमुखाच्या, मग त्याचा हुद्दा कोणताही असो) गैरहजेरीत ब्रिजवर एकट्यानं जहाज सांभाळण्याची लेखी परवानगी. ती कॅप्टन स्वतःच्या सहीनं देतो, म्हणून कोणीही ती सहज देत नाही.

त्या तिकिटात काय तपासलं जातं ते सांगतो. रत्नागिरीसमोर, किनाऱ्यापासून बरंच आत, रात्री दोनचा सुमार. मध्यरात्र ते पहाटे चारच्या वॉचवर (पाळीवर) एक लेफ्टनंट उभा आहे. समोर मासेमारीच्या बोटींची गर्दी. हिरव्या दिव्याखाली पांढरा दिसला की ट्रॉलर, तो जाळं ओढतोय. तांबड्याखाली पांढरा असेल तर मासेमारीचा दुसरा प्रकार. पण लहान होड्यांवर हे दिवे नियमानुसार असतीलच असं नाही, कुठे नुसती एक बॅटरी लुकलुकत असते. त्यातल्या एका दिव्याची दिशा बदलत नाहीये आणि अंतर कमी होतंय. याचा समुद्रावर एकच अर्थ असतो : आपण टक्कर होण्याच्या मार्गावर आहोत. चार्टटेबलावर कॅप्टनचं नाइट ऑर्डर बुक उघडं आहे. अमुक मैलांच्या आत काही येत असेल किंवा मनात शंका आली तर मला उठवा, असं त्यात लिहिलेलं आहे आणि वॉचवर येताना या लेफ्टनंटनं त्याखाली सही केलेली आहे.

आता एक लेफ्टनंट वेळेत फोन उचलतो, दोन वाक्यांत परिस्थिती सांगतो, मी उजवीकडे वळतोय असं कळवतो आणि वळायला लागतो. दुसरा विचार करतो, की साहेबांना उठवलं तर आपल्याला येत नाही असं वाटेल. तो थांबतो, मग घाईनं वळतो. बोट वाचते, काहीच घडत नाही. सकाळी दोघांच्याही लॉगमध्ये सारखीच नोंद दिसते. पण चांगल्या कॅप्टनला फरक कळतो आणि तो त्याच्या अहवालात उतरतो. मी पहिल्याला आधी तिकीट देत आलो. ज्याला योग्य वेळी वरच्याला उठवता येतं, त्याच्याकडेच पुढे शे-दोनशे माणसांचं जहाज सोपवता येतं. घाबरट अधिकारी दर दहा मिनिटांनी उठवतो, तेही चालत नाही. या दोन्हींच्या मधली समज पुस्तकातून येत नाही, वॉच करून करूनच येते.

तिकिटानंतर येतं स्पेशलायझेशन : गनरी (तोफा) आणि क्षेपणास्त्रं, नेव्हिगेशन, कम्युनिकेशन, पाणबुडीविरोधी युद्ध. काही जण वैमानिक होतात, काही पाणबुड्यांवर जातात, काही डायव्हर होतात किंवा सागरी सर्वेक्षणाकडे वळतात. यातलं काय घेतलं की अ‍ॅडमिरल होतो, असा ठोकताळा नाही. अ‍ॅडमिरल विजयसिंह शेखावत पाणबुडीवाले होते, १९७१ च्या युद्धात त्यांनी करंज पाणबुडीची कमान केली होती. अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश लढाऊ वैमानिक, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग हेलिकॉप्टरचे वैमानिक, अ‍ॅडमिरल जयंत नाडकर्णी नेव्हिगेशनचे. मुलाला जे मनापासून आवडेल ते त्यानं घ्यावं, कारण त्या विषयात तो पहिल्या काही जणांत असणं गरजेचं आहे.

आणि मग कमान. हरिकुमार यांचीच वाटचाल बघा : निशंक ही क्षेपणास्त्र नौका, मग कोरा ही कॉर्व्हेट (लहान युद्धनौका), मग रणवीर ही विनाशिका आणि शेवटी विराट ही विमानवाहू नौका. प्रत्येक वेळी जहाज मोठं, माणसं जास्त. पहिली कमान लेफ्टनंट कमांडर किंवा कमांडर असताना मिळते, जहाज लहान असतं आणि त्यावर लपायला जागा नसते. स्वयंपाकघरातलं पाणी कमी पडलं, सेलरच्या घरी आई आजारी आहे, जनरेटर बंद पडलाय, उद्या पहाटे सुटायचंय, हे सगळं त्या एका माणसापर्यंत येतं. मुंबईच्या डॉकयार्डात वारा बाजूनं लागत असताना जहाज धक्क्याला लावणं हे बघण्यासारखं असतं. चांगला कॅप्टन हुकूम स्वतः देत नाही, तरुण अधिकाऱ्याला द्यायला लावतो आणि स्वतः एक पाऊल मागे उभा राहतो. जहाजाचा रंग खरवडला तर पत्र त्यालाच लिहावं लागणार असतं. तरीही तो मागे राहतो, कारण नाहीतर पुढचा माणूस तयार होत नाही. असं वागणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल वरिष्ठ काय लिहितात, ते मी वाचलंय. तो पुढे जातो.

या कमानीला दुसरी बाजूही आहे आणि मुलाला ती आधीच सांगा. जहाजावर जे घडतं त्याला कॅप्टन जबाबदार, तो त्या क्षणी झोपलेला असला तरी. हा नियम वर जाताना सैल होत नाही, उलट घट्ट होतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंधुरत्न पाणबुडीवर अपघात झाला आणि नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. ते पाणबुडीत नव्हते, तरी पद त्यांनी सोडलं. अ‍ॅडमिरल होणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हे सांगतो.

आतापर्यंतचं थोडक्यात असं : शाखा आज ठरते, तिकीट आणि स्पेशलायझेशन पहिल्या दशकात होतं, कमान त्यानंतर मिळते. हे सगळं बऱ्याच अंशी मुलाच्या हातात आहे. पुढचं तेवढं नाही.

कमांडरच्या सुमारास तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा येते. नंतर वरिष्ठांसाठीचा अभ्यासक्रम गोव्याच्या नेव्हल वॉर कॉलेजमध्ये, आणि पुढे काहींना दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. मधल्या काळात दिल्लीतल्या नौदल मुख्यालयात फाइलींवर काम करावं लागतं. समुद्र आवडणाऱ्यांना ते जड जातं, पण जहाजं कशी मागवली जातात, पैसा कसा मिळतो, मंत्रालय कसं चालतं हे तिथेच कळतं आणि वरच्या पदांवर त्यावाचून चालत नाही. रिअर अ‍ॅडमिरल झाल्यावर पश्चिम किंवा पूर्व फ्लीटची कमान हे समुद्रावरचं सर्वांत मोठं काम. व्हाइस अ‍ॅडमिरल मुंबई, विशाखापट्टणम आणि कोचीच्या कमांडचे प्रमुख होतात.

इथे वयाचा हिशेब आडवा येतो. रिअर अ‍ॅडमिरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, व्हाइस अ‍ॅडमिरल ६० व्या. नौदलप्रमुखाला ६२ वर्षं वय किंवा तीन वर्षांचा कार्यकाळ, यांतलं जे आधी संपेल ते. म्हणजे प्रमुखाची खुर्ची ज्या महिन्यात रिकामी होते, त्या महिन्यात तुम्ही साठीच्या आत, व्हाइस अ‍ॅडमिरल आणि ज्येष्ठांपैकी असायला हवं. लागोपाठच्या चार नौदलप्रमुखांची कमिशनची वर्षं बघा : अ‍ॅडमिरल लांबा १९७८ चे, करमबीर सिंग १९८० चे, हरिकुमार १९८३ चे, त्रिपाठी १९८५ चे. मधल्या वर्षांत कमिशन मिळालेल्यांत प्रमुख होण्याच्या योग्यतेची माणसं नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्या वाट्याला ती तारीख आली नाही, इतकंच. शिवाय अंतिम निवड सरकार करतं आणि ज्येष्ठता हा तिथला एकमेव निकष नाही. २०१४ आणि २०१९ मध्ये ज्येष्ठतेचा क्रम बाजूला ठेवला गेला होता.

म्हणून मुलाला मी अ‍ॅडमिरल हे ध्येय देणार नाही. पहिली कमान हे ध्येय देईन. ते दहा-बारा वर्षांच्या टप्प्यात आहे आणि मेहनतीनं मिळण्यासारखं आहे.

ओळखीचं स्पष्ट सांगतो. एसएसबी पाच दिवस चालते आणि तिथे कोणाचा मुलगा आहे याला किंमत नसते. नंतरही एखादा वरिष्ठ तुमच्याबद्दल चांगलं बोलला तर उपयोग होतो, पण तो बोलतो ते तुमचं काम पाहून. वीस-पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या वरिष्ठांनी लिहिलेल्या अहवालांची थप्पी मंडळापुढे असते, एकाच्या शब्दानं ती पालटत नाही. एखादा अहवाल अन्यायाचा वाटला तर दाद मागण्याचीही सोय आहे. माझ्याबरोबरच्या अधिकाऱ्यांचे वडील शिक्षक होते, शेतकरी होते, रेल्वेत होते. दिनेश त्रिपाठी रीवाच्या सैनिक शाळेतून आले. आपल्याकडे साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, देशातली पहिली. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे, ती दहावीनंतर मुलांना घेते. तुमच्या मुलासाठी ते वय गेलं, पण गावातल्या लहान मुलांना सांगा. इंग्रजीची काळजी असेल तर रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि एका बातमीवर दोन मिनिटं बोलायचं. अलंकारिक इंग्रजी नको, ब्रिजवर लागतं ते छोटं, नेमकं वाक्य.

मराठी माणूस तिथे पोचतो का, असं तुम्ही थोडं संकोचून विचारलंय. भास्कर सदाशिव सोमण १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख होते. त्या आधी, १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी, फ्लीट त्यांच्या कमानीखाली होता. त्या काळी प्रमुखाचा हुद्दा व्हाइस अ‍ॅडमिरलचा असे, पूर्ण अ‍ॅडमिरल १९६८ पासून. नाडकर्णी १९८७ ते १९९० प्रमुख होते, मालदीवमधला उठाव मोडण्याची मोहीम त्यांच्या कारकिर्दीत झाली. आणि डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅडमिरलच्या खांद्यावर जी नवी पदचिन्हं आहेत, त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

नाहीच झाला तर? व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचं उदाहरण मी नेहमी देतो. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात कामोर्टा या युद्धनौकेची कमान, वीरचक्र, पुढे पश्चिम कमांडचे प्रमुख. नौदलप्रमुख झाले नाहीत. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले आणि भारतीय माणसानं शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या म्हादेईमधून ती पूर्ण केली. दोंदे तेव्हा कमांडर होते, म्हणजे वेळेवर मिळणाऱ्या बढतीच्या शेवटच्या पायरीवर, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. कमांडर किंवा कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्याला निवृत्तिवेतन असतं, बंदरं, जहाजबांधणी, व्यापारी नौवहन, अध्यापन अशी कामं मिळतात. तो भाग सोपा आहे.

अवघड आहे ते घरचं. दर दोन-तीन वर्षांनी बदली : मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार, श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर), दिल्ली. जहाजावर असताना गणपतीला घरी येता येईलच असं नाही. पत्नीची नोकरी आणि मुलांच्या शाळा यांची प्रत्येक वेळी नव्यानं जुळवाजुळव करावी लागते. मुलाच्या आईशी याबद्दल आत्ताच मोकळेपणानं बोला.

आणि धाकटीचं. हो, तिलाही हा रस्ता मोकळा आहे. २०२२ पासून मुली एनडीएत जातात, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी यांची त्रिंकट या युद्धनौकेच्या कमानीसाठी नेमणूक जाहीर झाली, नौदलात ही जबाबदारी मिळालेल्या त्या पहिल्या महिला. कमान मिळाली की पुढच्या मंडळांचं दारही उघडतं. तुमची मुलगी नववीत आहे, म्हणजे तिच्याकडे भावापेक्षा जास्त वेळ आहे. नाशिकला मुलींसाठी राज्याची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. दहावीच्या वर्षात तिच्या प्रवेशपरीक्षेची जाहिरात येते, त्यावर लक्ष ठेवा. गणित सोडू देऊ नका, पोहायला आत्तापासून शिकवा आणि भावाबरोबर तिचेही डोळे तपासून घ्या.